जुवाचा अर्धा तुकडा

मी, खाली सही करणारा, पोहण्याच्या तलावाचा निवृत्त राखणदार आणि त्याआधीचा शेतकरी, वय एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही धाकात न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीबद्दल बायकोचा आक्षेप आहे, तो नोंदवून घेतला. धाकाबद्दल मी तिच्यासमोर काही बोलत नाही.

एक. राहती खोली, पलंग, भांडीकुंडी आणि गळका नळ माझ्या पश्चात बायकोचा. नळ 'उद्या दुरुस्त करतो' म्हणता म्हणता राहून गेला. ते काम आता मुलाने करावे. त्याने आईला या खोलीतून हलवू नये. तिला एकदा हलवले आहे, तेवढे पुरे.

दोन. कसे हलवले ते लिहून ठेवतो, कारण नातवंडांना वाटते आम्ही शहर बघायला आलो. एका वर्षी धान्य उदंड पिकले, तर मंदीमुळे ते कोणी फुकटही नेईना. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक आले, तर पाऊस आला नाही. अशा वेळी शहाणी माणसे एकत्र राहतात. मी आणि माझा थोरला भाऊ वेगळे झालो. जमीन वाटली, भांडी वाटली, बैलजोडी उरली. थोरला म्हणाला, "जोडी मलाच दे. तुला कुठे बैल चालवता येतात!" मी म्हणालो, "मग एकेक घेऊ." आणि घेतला! एका बैलाने आमचा नांगर ओढला जात नाही हे शेंबड्या पोरालाही कळते. आम्ही तर नांगर धरूनच मोठे झालो होतो. त्यावर कडी म्हणजे बैलांच्या मानेवरचे जूही थोरल्याने सुताराकडे नेऊन मधोमध कापून घेतले. कापताना सुतार म्हणाला, "लाकूड माझं असतं, तर तुमच्याच टाळक्यात घातलं असतं."

दोघांचीही नांगरट झाली नाही. पाऊसही पुन्हा आला नाही, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही, असे म्हणायला मोकळे. थोरला आपल्या बैलासकट तिथेच राहिला. मी माझा बैल चारा असलेल्या माणसाला देऊन टाकला आणि बायको, मूल व अर्धे जू घेऊन ट्रकमध्ये चढलो. शहरातले कारखाने बंद पडलेले, तिथली माणसे गावाकडे परतत होती. वाटेत दोन ट्रक समोरासमोर अडकले, तेव्हा दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघून हसले. बायको मात्र रडली. मीही रडलो असतो, पण मांडीवर मूल झोपले होते.

तीन. तलावावरची शिट्टी नातीला. विहिरीत थेंब नाही म्हणून गाव सोडले आणि नोकरी लागली ती लोकांना पाण्यात डुंबताना बघण्याची. पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडची भेगा पडलेली जमीन मला बघवेना, म्हणून तळाची झडप उघडून अख्खा तलाव तिला पाजला. सकाळी पोहायला आलेली मंडळी चड्ड्या घालून काठावर उभी. मॅनेजर ओरडला, "अहो, हे काय केलंत?" म्हटलं, "पाणी दिलं, साहेब. फार सुकली होती." पगार कापला, पण नोकरी राहिली. पुढे बायकोने त्या जागेत वांगी लावली आणि सगळ्यात जास्त मॅनेजरनेच नेली.

चार. गावाकडची माझ्या वाट्याची जमीन थोरल्याच्या मुलीला. ती तिथे राहून कसते. माझ्या मुलाला तण आणि पीक यांतला फरक कळत नाही, तेव्हा त्याने तोंड पाडू नये. थोरल्याला मुद्दामच काही ठेवलेले नाही. वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, आणि मला साक्षीला तोच हवा आहे. गाव सोडल्यापासून तो माझ्या दारी आला नाही, मी त्याच्या गेलो नाही. 'आधी मी का जाऊ?' हे दोघांचेही म्हणणे. आता डॉक्टरांनी माझा प्रवास बंद केला आहे. म्हणजे या सामन्यात मी हरलो नाही, बाद झालो. त्याच्या सहीशिवाय हा कागद पुरा करायचा नाही, असे बजावले आहे. वकीलबाई म्हणाल्या, "आजोबा, दुसरं कोणीही चालेल हो." मला चालणार नाही. मला त्याला बघायचे आहे.

पाच. अर्धे जू. इतकी वर्षे त्यावर आम्ही ओले टॉवेल वाळवले. ते कोणाला द्यावे हे सुचत नाही. अर्ध्याचे कोणी काय करणार? हे कलम तूर्त मोकळे ठेवतो.

ठिकाण : राहती खोली, खिडकीजवळ.
तारीख : १९ मे.
सही : तलाववाले आजोबा

साक्षीदार पहिला : खालच्या मजल्यावरचा न्हावी. माझ्यासमोर सही झाली. घाईत आहे, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बसलंय.

साक्षीदार दुसरा : थोरला भाऊ. सगळे वाचले. सही करतो, पण सुताराकडे जू मी नेले नव्हते, हाच घेऊन गेला होता. चांगला बैलही याच्याच वाट्याला गेला. पाचवे कलम मोकळे ठेवू नये. माझा तुकडा सोबत आणला आहे. याच्या तुकड्यावरचे टॉवेल काढा.