बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट

देवपूर, धुळे
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सपना,

सप्रेम जय भीम. तू आणि एरंडोलची तुझी माणसं बरी असाल. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या नवऱ्याने या महिन्यात माझं डोकं फिरवलं. केळीच्या पानांच्या कडा करपतात म्हणून सुयशने फैजपूरहून माझ्या लॅबमध्ये माती पाठवली, तीही खताच्या रिकाम्या गोणीत! त्या खतातच सल्फेटचा क्षार. मग मी मातीतलं मोजू कसं? बोअरचं पाणी आलं ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत, गोडसर वासासकट. फोनवर ओरडले तर माझा हा भाऊ म्हणतो, "अक्का, पाणी ते पाणी. बाटलीने काय होतं?" दुसरी बाटली आली ती गळकी.

शेवटी रविवारी मीच गावी गेले. पंधरा मिनिटं मोटर चालू ठेवली, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळली आणि नमुना घेतला. सोमवारी त्यात बेरियम क्लोराइड घातलं, तर पाणी दुधासारखं पांढरं झालं. तीनदा मोजलं. लिटरला नऊशे ऐंशी मिलिग्रॅम सल्फेट. पिण्याच्या पाण्यात चारशेच्या वर चालत नाही. एवढ्याने पोट बिघडतं. तुम्ही तरुण, तुमचं निभावलं, आईचं नाही.

घरात प्यायलाही हेच पाणी, आणि बोअर लागली ती तुमच्या लग्नाच्याच महिन्यात. आईला जुलाब तेव्हापासूनच होतात, आणि स्वयंपाकही तेव्हापासूनच तुझ्याकडे आला.

पाहुण्यांसमोर मी तुला म्हणाले होते, "आधी नखं काप, मग भाकरी थाप. मी लॅबमध्ये काम करते, मला स्वच्छता शिकवू नकोस." तू दोन्ही हात माझ्यापुढे केलेस. मी ते पाहिलेही नाहीत.

आणखी एक. तू मार्चमध्ये माहेरी गेलीस, तरी आईचे जुलाब थांबले नाहीत. आम्हा सगळ्यांना दिसत होतं. कुणी तुला कळवलं नाही. मीही नाही. आठ महिने परक्या गावांचं पाणी तपासत राहिले. घरची एक बाटली मागवावीशी वाटली नाही, कारण दोष कुणाचा ते मी ठरवून टाकलं होतं.

काल आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पोरीले इतकं बोललो आपन. आता तिच्या दारात कोन्या तोंडानं जायाचं?"

"याच तोंडाने, आई," मी म्हटलं.

येत्या रविवारी आम्ही दोघी येतोय. तुला न्यायला नाही. चारचौघांत बोललो ते तुझ्या आईवडिलांसमोर परत घ्यायला. नंतर काय करायचं ते तू ठरव. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे.

तुझी अपराधी,
संघमित्रा
(अक्का म्हणायचं की नाही, तेही तूच ठरव.)