गार घरं

जामखेड, ५ मे १९७३
सकाळच्या एस.टी.नं पोचलो. अंगभर धूळ, पण मन खूश. आजवर पुण्याच्या प्रयोगशाळेत विटा तापवत बसलो होतो, आता पहिल्यांदाच अख्खी घरं तपासायला मिळताहेत. तलावात ज्यांचं गाव जाणार त्या लोकांसाठी माळावर ही नवी वसाहत बांधली आहे. ठेकेदार म्हणतो, या घरांना पंखा नको, वीज नको, ऐन उन्हाळ्यात आत गारवा राहतो. खरं-खोटं त्याच्याशी काही संबंध नसलेल्या माणसानं ठरवायचं, म्हणून मी. माझा होकार गेला की माणसं राहायला येतील. तोवर ती तलावाच्या कामावर पत्र्याच्या खोपटांत भाजताहेत.

श्रीमंत नावाच्या मुकादमांनी टोकाचं घर मला दिलं. शेजारी राखणीला रंगुबाई आणि तिची सासू साळूबाई. बाकी घरं रिकामी. दार उघडलं तर आत भट्टी! हिरमोड झाला. पण रंगुबाईनं पाठवलेलं पिठलं-भाकरी खाऊन होईतो खोली माठासारखी गार. मजेत ताणून दिली.

७ मे
घराघरांत तापमापक टांगले. माझं आणि रंगुबाईचं घर उत्तम निघालं. या दोन घरांचे आकडे पुण्याला कळवले. साळूबाई मात्र भर दुपारी घोंगडी लपेटून बसलेल्या. मी हसून विचारलं, तर म्हणाल्या, म्हातारपण, दुसरं काय. रंगुबाई घरावर खूश आहे. "लई ग्वाड घर हाय, सायब," म्हणाली. "पर चुलीवर पानी लौकर तापंना."

९ मे
काहीतरी चुकतंय. रिकामी घरं बाहेरच्याइतकीच तापलेली. वीट तीच, छत तेच, चुना तोच. तापमापक अदलून-बदलून पाहिले, फरक नाही. शेवटी एका रिकाम्या घरात जाऊन नुसता बसलो. पारा उतरू लागला. बाहेर आलो, तो हळूहळू चढला. पुन्हा आत गेलो, पुन्हा उतरला.
घर गार व्हायला आत माणूस लागतो. असला नियम मी कुठे शिकलेलो नाही.

१० मे
उत्तरेच्या भिंतीला हात लावला. तिथे ऊन कधीच पोचत नाही. खोली गार, भिंत मात्र कोमट. उन्हानं तापल्यासारखी नाही. कुणाच्या पोटावर हात ठेवावा तशी. हात चटकन काढला.
ताप मोजायची नळी जिभेखाली धरून बसलो. पारा हललाच नाही.

१२ मे
साळूबाई गेल्या. जेवून आतल्या खोलीत आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. रंगुबाई रडत सांगत होती, "सकाळी च्या दिला तवाच हात बर्फावानी हुतं."
मुकादमांना सगळं सांगितलं. या घरांत कुणाला आणू नका म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सायब, काल खोपटात एक लेकरू उन्हानं गेलं. त्याच्या आईला काय सांगू?"
रंगुबाईला घोडेगावला भावाकडे धाडलं. पुण्याला तार केली: होकार नाही, माणसं आणू नका.

१४ मे
पुण्याहून उत्तर आलं. आकडे उत्कृष्ट असताना नकार कशासाठी, कारण कळवा.
काय कळवू? घर माणसांची ऊब पितं? कागद पुढ्यात घेऊन बसलो. बोटं वळेनात. संध्याकाळी मुकादम सांगून गेले — वरून हुकूम आलाय, उद्याच माणसं हलवायची.

१५ मे
उघड्यावर, भर उन्हात अंथरूण टाकलंय. उपयोग नाही. घरातून बाहेर पडलो तरी गेलेली ऊब परत येत नाही. दोन घोंगड्या, वर ऊन — दात वाजताहेत.
बैलगाड्या आल्या. वाटेत हात पसरून उभा राहिलो. ओरडलो असं मला वाटलं. आवाज फुटलाच नाही. गाड्या मला वळसा घालून गेल्या. बाया भिंतींना गाल लावून हसत होत्या — किती गार, किती गार —

१६ मे
उन्हात पडलेला बघून धावले बिचारे. "ऊन लागलंय सायबाला! आत घ्या, आत!" नको म्हणतोय, तर कपाळावर ओली पट्टी. चौघांनी उचललं. सगळ्यात गार खोली दिली मला. स्वतःची पोरं बाहेर काढून.

कुणी ना कुणी बघायला येतंय. भिंतीलगत दाटीनं बसलीत. आलेला प्रत्येकजण — आणखी गार —
एक बाई लेकराला पदरात घेतेय. म्हणते, अंग कसं निवलं बघा याचं —
घेऊन जा त्याला — ओठ हलत नाहीत —

पाठीला भिंत. आता चांगली गरम —
बाहेरची झळ नको म्हणून कुणीतरी दार लाव