दीड वीत

अण्णा, आज लॅबमधलं ते लोखंडी कपाट हलवलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे कागदावरच राहणार, तरी लिहिते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी जेवताना कुणाशी धड बोलत नव्हते, आठवतं? काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्यायचा, एवढंच माझं काम. पण पदार्थ तोच असला तरी थर कसा दिला यावर त्याचे सगळे गुण ठरतात. निर्वात पेटीत दिला तर कण एका दिशेने शिस्तीत वाढतात, थर आरपार दिसतो, वीजही बरी वाहते. द्रावणात काच बुडवून काढली तर थरावर थर द्यावे लागतात, आणि घाई केली की तडे जातात. आमच्याकडे पेटी नव्हती. तापलेल्या काचेवर द्रावण फवारायचं ठरलं होतं, आणि माझी प्रत्येक काच दुधाळ निघत होती. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "झिंक म्हंजी आपला सफेदाच की. मग पांढरं व्हनारच." मी चिडले. "तुम्हाला नाही कळायचं अण्णा, ते पांढरं व्हायला नको." जिंतूर रोडवरच्या शेडमध्ये आयुष्यभर गाड्यांच्या टाक्यांवर रंगाचा फवारा मारलेल्या माणसाला मी हे सांगत होते.

त्या रविवारी तुम्ही डबा द्यायच्या निमित्ताने लॅबमध्ये आलात. अंगात कामाचाच शर्ट, बाहीवर लाल रंगाचे ठिपके. मी फवारतेय, तुम्ही मागे उभे राहून बघताय. जरा वेळाने म्हणालात, "लय जवळ धरायलीस माय. थेंब ओलाच बसायलाय, काच गार पडायली. आन् लय लांब धरलं तर वाटंतच वाळून भुकटी पडंल." मग काचेच्या वर हवेत वीत लावून दाखवलीत, एक, आणि तिच्यावर अर्धी. "हितून मार. जरा मार, थांब, काच तापू दे, मग पुन्ना." तिसरी काच मी खिडकीशी धरली आणि तिच्यातून बाहेरचं लिंबाचं झाड स्वच्छ दिसलं. तुम्ही हसताय, मी हसतेय, तेवढ्यात दारात माझे गाईड सर.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

मी तुमच्या शर्टाकडे पाहिलं. "पेंटर आहेत सर. कपाटाला रंग द्यायचाय ना, ते बघायला आलेत."

लाज वाटली, अण्णा. दुसरं काही कारण नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाटापाशी गेलात, नखाने गंज खरवडलात आणि म्हणालात, "उद्या येतो सायेब." आणि खरंच आलात! सोमवारी सगळ्यांसमोर कपाट घासलंत, अस्तर दिलंत, करड्या रंगाचे दोन हात मारलेत. निघताना मला "येतो मॅडम" म्हणालात. घरी आईलाही काही कळू दिलं नाहीत. चांगली मुस्कटात मारली असतीत तर बरं झालं असतं.

प्रबंधात मी लिहिलं की अनेक चाचण्यांनंतर फवाऱ्याचं अंतर निश्चित केलं. चाचण्या कसल्या, तुमची दीड वीत मी पट्टीने मोजली होती. आभारात सर आहेत, मशीनवाले आहेत, आणि शेवटी 'आईवडिलांचा पाठिंबा'. तुम्ही त्या ओळीवरून बोट फिरवलंत आणि "झ्याक छापलंय" म्हणालात.

आता मी त्याच लॅबमध्ये शिकवते. नवं मशीन यायचंय, म्हणून आज कपाट हलवलं. भिंतीचे पोपडे निघालेत, तुमचा रंग कुठे सुटलेला नाही. भिंतीकडची बाजू कुणाला कधी दिसणार नव्हती, तीही तुम्ही तितक्याच निगुतीने रंगवलीत. माझ्या एका विद्यार्थिनीने तिच्यावरून हात फिरवला. "मॅडम, काय सफाई आहे! कोणी केलंय हे?"

उत्तर अगदी ओठांवर होतं. पण शेजारी विभागातले दोघं-तिघं उभे होते.

"होता एक पेंटर," मी म्हणाले.