तिसऱ्या डब्याची डावी बाजू

आरमोरी,
१२ मे

प्रिय प्रफुल,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचताना त्या शब्दावर विसंबू नको.

आधी या हातांनी काय काय केलं ते लिहितो, कारण तू ते विसरलेला दिसतोस. नॅरोगेजचे सहा पॅसेंजर डबे, तीसास एक या मापाचे. अडीच फुटांचा रूळ माझ्याकडे बरोबर एक इंच होतो, सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही. सहा डब्यांची अठ्ठेचाळीस चाकं, पितळेची, दुकानातल्या लेथवर मीच काढलेली. खिडक्यांच्या झडपा एकशे चव्वेचाळीस, सगळ्या वर-खाली होतात. बाक आलापल्लीच्या सागाचे, एका बाकाला नऊ पट्ट्या. दाराचे दांडे सलाइनच्या सुया वाकवून केलेले. धोक्याच्या साखळीच्या कड्या लेकीच्या, मयुरीच्या, तुटलेल्या पैंजणातल्या. संडासाच्या भांड्याला खाली भोकही आहे, डोळा लावला की त्यातून रूळ दिसतो. हे मला कोणी शिकवलं नाही. दहावीत गणितात अडकलेला आणि पंपाच्या मोटरी वाइंडिंग करून पोट भरणारा माणूस आहे मी. पण माझ्या डब्यात तुला एक बोल्ट चुकीच्या जागी सापडला तर दाखव.

पहिले डबे मी बिस्किटांच्या पत्र्याचे केले होते. तू हसला होतास, आणि हसण्यासारखेच होते ते. मग नागपूर-नागभीड गाडी बंद झाली त्या वर्षी मी फीतपट्टी घेऊन नागभीडच्या यार्डात तीन दिवस उभ्या डब्यांखाली सरपटलो. घरी येऊन सहाही डबे उघडले. खिडकीला मी चार गज लावले होते, खरे होते पाच. सगळे उपटले, पुन्हा लावले. छप्पर दीड मिलिमीटर जास्त फुगलं होतं, ते ठोकून बसवलं. तुझी वहिनी रंजीता म्हणाली, "कोन मोजून पाहाणार हाये?" मी म्हटलं, मी पाहणार आहे. या दुरुस्तीत सहा वर्षं गेली.

आणि तू आठ दिवसांत एका डब्याची वाट लावलीस.

होळीला आलास तेव्हा तिसरा डबा टॉवेलात गुंडाळून नेलास. ताडोबाच्या बाजूला जे रिसॉर्ट होत आहे त्याच्या आतल्या सजावटीचं काम तू घेतलं आहेस, मालकाला नमुना दाखवतो म्हणालास. मी दिला. नाही कशाला म्हणू, भाऊ आहेस. पण मला न विचारता सहाही डब्यांचा होकार तू तिथे देऊन टाकलास, आणि डबा परत आला तेव्हा त्याची डावी बाजू नवीन नवरीसारखी चमकत होती, हाताच्या अक्षरांच्या जागी छापील स्टिकर. वर तुझा मेसेज, "दादा, थोडं फिनिशिंग करून घेतलं. एका बाजूला रंग फुटून डाग पडले होते, खालची जुनी अक्षरं दिसत होती. पॉलिश पेपर मारून प्रॉपर करवलं." खाली हसरं तोंड.

डाग? त्या डागाला मला गेल्या वर्षीचे जानेवारी ते एप्रिल लागले होते, प्रफुल! मरून रंगाचा एक हात. त्यावर तीन केसांच्या कुंचल्याने पिवळी अक्षरं, तीन मिलिमीटर उंचीची. अकरा दिवस वाळू दिली. मग टर्पेंटाइन घालून पातळ केलेला मरून रंग वरून फिरवला, अक्षरं झाकली जावीत पण पुरती मरू नयेत इतकाच. ती कापसाने हळूहळू घासून वर आणली. त्यावर रेघ आखून नवीन शब्द लिहिला. सहा वेळा बिघडलं. कधी खालचं फार दिसे, कधी काहीच दिसत नसे. सातव्या वेळी जमलं. ज्याने पॉलिश पेपर मारला त्याच्यावर माझा राग नाही, त्याला काय माहीत. तुला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

म्हणून सांगतो आता, लहान पोराला सांगतात तसं.

बाबा नागभीडला पेंटर-खलाशी होते. डबे रंगवायचे आणि त्यावर अक्षरं काढायचे. बायकांच्या डब्यावर तीन भाषांत लिहायचं असे. हिंदी-इंग्रजीचे पत्र्याचे साचे आले होते, मराठीचा आलाच नाही. फोरमन म्हणाला, मराठीचं तू पाहून घे पत्रू. बाबांनी पाहून घेतलं. डबा आपला, गाडी आपली, बसणाऱ्या बाया आपल्या. घरात, शेतात, बाजारात जो शब्द होता तो त्यांनी वळणदार हाताने लिहिला, "बायाइसाठी".

तो शब्द दीड वर्ष त्या गाडीवर फिरला. कुरखेड्याकडची मंगलीबाई आठवते? बांबूच्या टोपल्यांची चळत डोक्यावर घेऊन चढायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण शब्द कुठे लिहिला आहे ते पक्कं ठाऊक होतं. एखादा गडी आत घुसून पाय पसरून बसला की ती त्याला बाहेर ओढायची, भिंतीवर बोट ठेवायची. "वाच ना गा भाऊ, का लिवलं हाये? बायाइसाठी. तू बाई होस का? होस तं बस, मी तुले लुगडं देतो." सगळा डबा खिदळायचा आणि तो गडी खाली. नंतर शुद्ध शब्द आला तेव्हा हेच गडी बसून राहायचे आणि उलट विचारायचे, "स्त्रिया म्हंजे कोन वो बाई?"

तो शुद्ध शब्द कोणामुळे आला, प्रफुल?

सत्याऐंशी साल. तपासणीला मोठे साहेब आले होते, परप्रांतातले. सगळा स्टाफ ओळीने उभा, बाबा टोकाला, आणि बाबांनी कौतुकाने आणलेला तू त्यांच्या शेजारी. सातवीत होतास, स्कॉलरशिपचा बिल्ला छातीवर. साहेबांनी डब्याकडे बोट करून विचारलं, ये क्या लिखा है? कोणी बोलेना. सगळ्यांना वाचता येत होतं, पण पत्रूला अडचणीत कोण आणणार? तेव्हा तू पाऊल पुढे टाकून म्हणालास, "सर, हे अशुद्ध आहे. स्त्रियांसाठी पाहिजे." साहेबांनी तुझ्या डोक्यावर हात फिरवला, खिशातलं पेन दिलं. बाबांना मेमो दिला.

मी फलाटाच्या पलीकडे होतो. बाबांचा चेहरा मी पाहिला, तू पेन पाहत होतास. घरी येऊन बाबा आईला म्हणाले, "आपला पोरगा लय हुशार हाये, साहेबासमोर बोलला." तुझ्यासाठी जिलबी आणली होती त्यांनी. बारा वर्षांच्या पोराला मी तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. पन्नाशीतल्या माणसाला देतो.

बाबांनी तो शब्द झाकला. पण मरून रंगाचा एकच हात दिला, तोही पातळ. फोरमन म्हणाला आणखी एक मार. बाबा म्हणाले रंग संपला. ज्या माणसाने संडासाची खिडकीसुद्धा दोन हातांशिवाय कधी सोडली नाही, त्याचा रंग संपला! पुढचा उन्हाळा तापला, आणि "स्त्रियांसाठी"च्या खालून "बायाइसाठी" वर आलं. पुसट, पण पाहणाऱ्याला दिसेल इतकं. डबा मोडीत निघेपर्यंत ते तसंच होतं. बाबा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तेवढं मात्र चुकलं माझं.

तू ज्याला डाग म्हणालास तो हा.

आई आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बरं पाहते. तुला फोनवर सांगितलं होतं, तू "गुड" म्हणालास. तुझा चमकवलेला डबा मी टेबलावर ठेवला तर ती हातातली तुरीची शेंग टाकून जवळ आली. तुला माहीत आहे, "मीराबाई" एवढी सही सोडून तिला काही लिहिता येत नाही. तिने डाव्या बाजूवर बोट फिरवलं, स्टिकर होता तिथे थांबली, पुन्हा मागून पुढे फिरवलं. मग मला म्हणाली, "हे कोनाची गाडी आनलास गा? हा आपला नोहे." मी काय सांगू? तिच्या शिकलेल्या लेकाने सुधारून आणला म्हणून सांगू? मी म्हटलं, दुरुस्तीला आला आहे.

तू म्हणशील, एवढ्याशा रंगासाठी दादा तापला. तापलोच आहे. नागपुरात तू घरातही आपली बोली बोलत नाहीस, ते मी कधी मनावर घेतलं नाही. तुझ्या लग्नात बाबांना तू सांगितलं होतंस, पाहुण्यांसमोर जरा कमी बोला. ते दिवसभर गप्प बसले होते मांडवात, हाताची घडी घालून. तेही मी गिळलं. पण माझ्या डब्यावर तू हात टाकलास. तिथे फक्त मापाचं चालतं. जे होतं ते, जसं होतं तसं, तीसास एक.

आता हे पत्र काऊन लिहितो आहे ते. आज सकाळी रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला, थेट मला. माणूस सभ्य वाटला. मी म्हटलं, ती बाजू मी पुन्हा करणार, खालची अक्षरं होती तशी येतील. तो म्हणाला, काही हरकत नाही सर, पाहुण्यांना उलट गंमत वाटेल. मग काचेच्या पेटीवर लावायच्या पितळी पाटीचा मजकूर त्याने वाचून दाखवला, तू दिलेला. "नागभीडचे स्टेशन मास्तर कै. पत्रूजी यांच्या स्मरणार्थ." मी म्हटलं, स्टेशन मास्तर नाही, पेंटर. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. म्हणाला, प्रफुल सरांनी स्वतः सांगितलं आहे, मालकांनाही ते फार आवडलं. मी म्हटलं, पेंटर लिहा आणि सहाही डबे घेऊन जा, भावात मी घासाघीस करणार नाही. मालकांना विचारून सांगतो म्हणाला. दुपारी पुन्हा फोन आला. पाटी तीच राहील, पण त्यांनी आकडा वाढवला आहे. हा सौदा मोडला तर तुझ्या कामावर काय परिणाम होईल ते मला कळतं, आणि तुला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून मीच लिहितो आहे. सहा डबे, रुळांसकट, काचेच्या पेटीत, त्या पाटीखाली, चार लाख चाळीस हजार रुपये. मी नाही म्हटलं.

तुझाच,
अंकुश
(पत्रू पेंटरचा थोरला)