खालची पट्टी

बेडोक, सिंगापूर
११ मार्च २००७

ती. बाबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

घडलं ते आधी क्रमाने लिहिते. कारणं खाली आहेत.

१. आईला मी फक्त सिंगापूर दाखवायला बोलावलं नव्हतं. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात, तिकाल नावाच्या राखीव जंगलात जाऊन आलो.
२. तुम्हाला आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.
३. तिथे पहाटेच्या अंधारात आई आमच्या तुकडीतून हरवली.
४. उजाडल्यावर ती सापडली. एका उंच देवळाच्या माथ्यावर एकटी गात बसली होती.
५. तिला काही इजा नाही. गुडघा सुजला होता, तो उतरला.

आता कारणं. जानेवारीत मी इथे तिचे कान तपासून घेतले. बारीक, उंच आवाज तिच्यासाठी जवळजवळ संपले आहेत: पाखरं, कुकरची शिट्टी, फोनची घंटा, झांजा. खालचे, जाड आवाज मात्र शाबूत आहेत. म्हणजे ती बहिरी नाही, अर्धी ऐकते. आपण सगळे तिच्याशी पूर्ण बहिरी असल्यासारखे वागतो, त्यात मीही आले.

वन-नॉर्थमधल्या आमच्या ऑफिसात जंगलात टांगायचे ध्वनिमुद्रक तयार होतात, हे तुम्हाला माहीत आहे. चाचणीसाठी आमच्याकडे तिकालच्या हाउलर वानरांचा आवाज आहे. हे वानर कुत्र्याएवढं असतं, पण त्याची आरोळी कोसभर जाते, आणि ती खालच्या स्वरातली असते. एका संध्याकाळी मी तो आवाज घरी लावला. आई कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली आणि हे काय वाजतंय, असं विचारलं. आवाजाबद्दल तिने आपण होऊन विचारल्याला चार वर्षं झाली असतील. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

मायांची देवळं बघायला जायचंय, एवढंच तिला सांगितलं होतं. तिने माया ही माझी मैत्रीण धरली आणि तिच्यासाठी बेसनाचे लाडू बांधून घेतले. विमानात बसल्यावर कळलं की माया हे तिथले प्राचीन लोक, त्यांची शहरं हजारएक वर्षांपूर्वी ओस पडली आणि आता त्यांच्यावर जंगल उभं आहे. तिने विचारलं, मग लाडूंचं काय करायचं? ते वाटाड्याने खाल्ले.

बाकी तीच लिहील. फोनवर तिच्याशी बोलता येत नाही, म्हणून पत्रच लिहा.

आशीर्वाद आहेतच, ते तसेच राहू द्यावेत.

आपली,
हर्षा


औरंगाबाद
१८ मार्च २००७

चि. हर्षास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र मी शेजारच्या रवींद्ररावांच्या समोर उघडलं, ही चूक झाली. त्यांनी पहिले चार मुद्देच वाचले. आता कॉलनीत बातमी अशी की कमल परदेशात हरवली असून माकडांत राहते. पाचवा मुद्दा सांगत मी दारोदार फिरतो आहे.

तू इंजिनिअर झालीस, आम्हाला अभिमान आहे. पण घरात पाठ वळवून हाक मारली तरी जिला कळत नाही, तिला तू वाघरांच्या रानात काळोखात नेलंस. काही झालं असतं तर तू मला कितवा मुद्दा लिहिला असतास? तुझी आई काही माझ्यावर सोपवलेली नाही, असं तू म्हणशील. चाळीस वर्षांची सवय आहे, ती जात नाही.

दुसरं. जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत मी या वर्षी तिचं नाव घातलेलं नाही. महिला मंडळाची गाणी विनीताताई बसवताहेत, पेटीवर मीच आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या कडव्याला कमल सुरातून उतरली आणि मागच्या रांगेतल्या पोरी हसल्या. तिला ऐकू आलं नाही. मला आलं. वीस वर्षं जिने स्टेजवर पहिलं गाणं म्हटलं, तिचं हसू झालेलं मला पुन्हा बघवणार नाही. तिने विचारलं तर सांग, मंडळात नव्या मुलींना संधी देतो आहोत. पत्रिका सहा एप्रिलला छापायला जाईल.

तिच्या गुडघ्याला हळद लाव. तिला म्हणावं, कुंडीतली तुळस मी जगवली आहे, मोगऱ्याचं विचारू नये.

तुझा,
बाबा


बेडोक, सिंगापूर
२५ मार्च २००७

हर्षाच्या बाबांना,
कमलचा सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र हर्षाने लपवलं नाही. टेबलावर ठेवलं आणि अंघोळीला गेली. तिची बोलायची तीच पद्धत आहे, तुमच्यावर गेली आहे.

पोरी हसल्या ते मला दिसलं होतं. तुम्ही पेटीत मान घातलीत तेही दिसलं. घरी येताना रिक्षात तुम्ही माझ्याशी गुळाच्या भावाबद्दल बोलत होतात. तुम्ही सांगाल म्हणून मी वर्षभर थांबले. आता मोगऱ्याचंही विचारत नाही, मेला असेल.

हरवल्याचं सांगते. खरं तर मी हरवले नव्हते. सूर्य उगवायच्या आत देवळावर पोचायचं म्हणून आम्ही विजेऱ्या घेऊन रांगेने निघालो. वाटाड्याने मध्येच सगळ्यांना हळू आवाजात थांबायला सांगितलं असेल. सगळे थांबले, मी चालत राहिले. कारण पुढून आवाज येत होता. पहिल्यांदा वाटलं, जायकवाडीचे दरवाजे उघडलेत. मग वाटलं, कुठे जनरेटर चालू आहे. मग तो पायातून पोटात आला. हर्षाने घरी लावलेल्या डबीतला आवाज तो, पण डबीत शेंगदाण्याएवढा होता. अहो, मला ऐकू येत होतं. कोणी हाताने खुणा केल्या नव्हत्या, कोणी तोंड मोठं करून सांगितलं नव्हतं. मी सगळ्यांच्या आधी ऐकलंय, असं मला वाटलं, आणि मी पुढे गेले.

देवळाला लाकडी जिना लावलाय, कठडा आहे. गुडघा कुरकुरला, मी कठड्याला धरून चढले. वर धुकं होतं. उजाडलं तसं खाली नुसतं झाडांचं रान, आणि त्यातून आणखी देवळांचे शेंडे वर आलेले. एवढी माणसं इथे राहिली, घडवून गेली, आणि आता राखण वानरं करतात. एक वानर खालचा सूर धरायचं, मग चारी बाजूंनी बाकीची त्यावर चढायची. आपल्या मंडळासारखंच, फक्त कोणी कोणाला हसत नव्हतं.

मी नुसता हुंकार भरून त्यांचा खालचा सूर धरून पाहिला. तो माझ्या छातीत मला नीट लागला. मग त्याच खालच्या सुरात जयंतीचं आपलं पहिलं गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला घाबरले होते, पण उतरले नाही. सगळी कडवी म्हटली. झाल्यावर बघते तर हर्षा जिन्यात मशीन धरून उभी, आणि तिच्या मागे सगळी तुकडी. हर्षाचे डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाली, धुक्याने.

मला एक कळलंय ते तुम्ही पेटीवाले म्हणून नीट वाचा. मंडळ काळी चारच्या उंच पट्टीत गातं. तरुण मुलींना ते बरं पडतं. मला वरचं ऐकूच येत नाही, मग मी अंदाजाने गाते आणि घसरते. मी सूर विसरले नाही. पट्टी माझी नव्हती.

नव्या मुलींना संधी जरूर द्या. माझ्यामुळे ती अडत नाही.

माझ्यावर माया असू द्यावी. ही हर्षाची मैत्रीण नव्हे.

तुमची,
कमल


त्याच पाकिटात
२५ मार्च, संध्याकाळ

ती. बाबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

आईचं म्हणणं मी तपासून पाहिलं. देवळावरचं ध्वनिमुद्रण ऑफिसात संगणकावर लावलं. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत तिचा सा हललेला नाही. मग गेल्या वर्षीच्या जयंतीची तुमची कॅसेट लावली. काळी चारला ती वरच्या स्वरांवरच घसरते, खाली कुठेच नाही. तिचं निदान बरोबर आहे. ते मला जानेवारीतच सुचायला हवं होतं, तिच्या कानांचा आलेख माझ्याच हातात होता.

तरी जंगलात वानरांपुढे गाणं वेगळं आणि माणसांपुढे वेगळं, अशी शंका तुम्ही काढाल. म्हणून आज बुकित तिमाहला एकताच्या घरी रविवारची वंदना होती, तिथे विचारलं. एकता माझ्याच ऑफिसात आहे, अमरावतीची. आपले बरेच लोक जमतात. वंदनेनंतर आईने पांढरी एकचा, म्हणजे देवळावरच्याच खालच्या पट्टीचा, सूर मागितला. एकताच्या मुलाने कीबोर्डवर दिला. ती उभी राहून गायली. दुसऱ्या कडव्याला मी जमिनीकडे पाहत होते, हे कबूल करते. ती एकदाही उतरली नाही. शेवटच्या कडव्याला सगळा हॉल तिच्या मागून गात होता, आणि तो आवाज खालचा, पुरुषांचा होता, त्यामुळे तिला तो ऐकू आला. तिने मला खुणेने सांगितलं की ऐकू येतोय. एकताचा मुलगा मराठी बोलत नाही, पण तो आजी पॉवरफुल लाह म्हणाला. आईला ते ओठांवरून कळलं. इथल्या बोलीतलं हे लाह म्हणजे काय, तेवढं मला समजावून सांगता आलं नाही.

इथल्या मंडळींनी तिला चौदा तारखेच्या कार्यक्रमासाठी थांबवून घ्यायचा आग्रह केला. तिने उत्तर दिलं, आणि ते मी शब्दशः लिहिते: "आधी जिथे पोरी हसल्या तिथे गाईन. मग जगभर."

तिचं विमान आठ एप्रिलला सकाळी आहे. तिला कानाचं यंत्रही बसवायचं आहे, पण तो वेगळा विषय आहे. जयंतीला ती यंत्राशिवाय गाणार आहे.

विनीताताईंची परवानगी लागत असेल तर सोबतची सीडी त्यांना ऐकवा. मागे वानरं आहेत, ती काढून टाकलेली नाहीत. आई नको म्हणाली.

आमच्यावरचा राग ओसरला असेल तर उत्तम. नसेल तर तोही सोबत कळवावा, पण जिव्हाळा कमी करू नये.

आपली,
हर्षा

ता. क. पहिलं गाणं, पांढरी एक, गायिका कमलबाई: एवढी ओळ पत्रिकेत असेल की नाही, ते गुरुवार, ५ एप्रिलपर्यंत कळवा. फोन नको. सायबर कॅफेतून ईमेल करा, म्हणजे छापून तिच्या हातात देता येईल. तिला स्वतः वाचायचं आहे.