विलायती बनावटीची आगगाडी

शाहूपुरी, कोल्हापूर
ता. १२ फेब्रुवारी १९१३

प्रिय हंबीर,

'प्रिय' वाचून खूश होऊ नकोस. पत्राची सुरुवात अशीच करायची, असं मास्तरांनी आपल्या दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं, आणि हाताला लागलेलं वळण मोडत नाही. तुझं दुकान माझ्या दुकानापासून चार दारं पलीकडे. तरी हे पत्र लाखेनं बंद करून टपालानं पाठवतोय. पोस्टातला बाळासो पत्ता वाचून म्हणाला, "गौसभाई, हितनं हाक मारली तरी ऐकू जाईल की त्यास्नी." मी म्हटलं, हाक मारायची असती तर तिकिटाला थुंकी कशाला लावली असती? तुझ्या दुकानाची पायरी मी आता चढणार नाही, आणि तूही माझी चढू नकोस. तुझं खिशातलं घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला पडलंय, ते गड्याबरोबर पाठवून देईन. रोज सात मिनिटं मागं पडत होतं. आता पडणार नाही. घड्याळाशी माझं भांडण नाही.

लिलावाच्या दिवशी तू खुर्चीवर उभा राहिलास तेव्हा चांगला दिसत होतास, हे कबूल करतो. गुलाबी फेटा, मिशांना तूप, हातात सागवानी हातोडी. आजऱ्याकडच्या इनामदारांनी जन्मभर चाकाचं जे जे दिसलं ते ते जमवलं आणि मूलबाळ नसताना डोळे मिटले. मग पुतण्यानं ते सगळं तुझ्या अंगणात आणून ओतलं. कातडं फाटलेली व्हिक्टोरिया बग्गी सयाजी टांगेवाल्यानं उचलली. घोडे शिकवायच्या खडखड्यावर गाव लोटलं. आणि शेवटी जाजमावर गोल रूळ मांडून तू ती हातभर लांबीची पितळी आगगाडी काढलीस, चावी दिलीस, आणि तिनं दीड फेरा मारला. दीडच. मी तिथं असतो तर तीन मारून दाखवले असते, पण मी गर्दीत मागं उभा होतो, कारण तू मला पुढं बोलावलं नाहीस. मग तू घसा खाकरून म्हणालास, "अस्सल विलायती बनावट! असली चीज सगळ्या संस्थानात दुसरी न्हाय!"

दुसरी नाही, हे खरं आहे. दुसरी मी केलीच नाही.

प्लेगचं ते वर्ष तू विसरला असशील, कारण तुला विसरणं सोयीचं आहे. मी विसरलो नाही. आमची गल्ली खाली केली, घरांना चुना मारला आणि आम्हाला उचगावच्या माळावर झोपड्यांत नेऊन घातलं. माणसं मरत होती, वेळ बघायला घड्याळ कुणाला हवं होतं? चार महिने माझ्या हाताला काम नव्हतं. तू तेव्हा इनामदारांना घोड्यांचं सामान पुरवायचास. तू येऊन सांगितलंस की त्यांना खेळण्यातली आगगाडी हवी आहे, खऱ्यासारखी पळणारी, पण कोल्हापुरातली काडीसुद्धा ते उंबऱ्याआत घेत नाहीत. इथून गेलेलं पत्र आधी धुरावर धरतात आणि मग चिमट्यात पकडून वाचतात. मी म्हटलं, मग झालं, विषय संपला. तू म्हणालास, "गौस, तू गाडी कर. ती विलायतेची करायचं मी बघतो."

तुझी तेव्हाची हुशारी आठवली की आजही हसू येतं, आणि हसू आल्याचा राग येतो. कुण्या गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याकडून तू बिस्किटांच्या डब्याचं झाकण आणलंस आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं मला इंजिनाच्या पट्टीवर कोरायला लावलीस. आपल्या दोघांनाही इंग्रजीचा गंध नव्हता. मी एकेक अक्षर झाकणावर बघून कोरलं. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की त्यातला पहिला शब्द कंपनीच्या मालकाचा आहे आणि दुसरा आहे 'बिस्किट'. इनामदार बारा-तेरा वर्षं बिस्किटाच्या इंजिनावर हात फिरवत बसले. मग दारूच्या बाटल्यांची एक परदेशी पेटी मिळवून, तिच्यात पेंढा भरून, तू ती गाडी उलट्या वाटेनं मिरजेला नेलीस आणि तिकडून आल्यासारखी आजऱ्याला पोचवलीस. मी तुझे पाय धरायचे तेवढे राहिले होते. त्या गाडीवर आम्ही पावसाळ्यापर्यंत जेवलो, हे मी कधी नाकारलेलं नाही.

पण ती कशाची केली होती हे तुला माहीत आहे. चावीनं गुंडाळायची कमान स्टेशनातल्या मोडक्या घड्याळाची. चाकं मी दोन कानशींवर घासून काढली. आणि इंजिनाचं पोट फातिमाच्या पानदानाचं. तिच्या माहेराहून आलेली एवढी एकच वस्तू आमच्यासोबत माळावर आली होती. माळावर पितळ मिळेना म्हणून मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तर तिनं पानं काढून फडक्यात बांधली आणि पानदान माझ्यापुढं ठेवलं. कापायच्या आधी मी ते दोनदा पुसलं, तर म्हणाली, "कापा की, त्यात काय? पानं फडक्यात बी ऱ्हात्यात." त्यानंतर ती तीन वर्षं जगली. मिरजेच्या गाडीची शिट्टी ऐकली की विचारायची, "आपली गाडी आता कुठवर गेली असंल वो?" मी सांगायचो, गेली असेल आजरा सोडून पुढं. एवढ्यावर ती दिवसभर खूश असायची. तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतोय ते तुला बरं वाटावं म्हणून नव्हे.

लिलावाच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडे आलो होतो. मला गाडी नको होती, आणि तिच्या किमतीतला वाटाही नको होता. मी एवढंच म्हणालो की आता इनामदार नाहीत, प्लेग नाही, भिण्यासारखं काही उरलं नाही. पुकारताना एकदा 'कोल्हापूरची बनावट' म्हण. माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल. तू सुपारी कातरत म्हणालास, "उद्या बघू की, गौस." तुझं 'बघू की' म्हणजे काय हे मला तीस वर्षं माहीत आहे, तरी मी खुळ्यासारखा घरी गेलो आणि धुतलेला अंगरखा काढून ठेवला.

मग बोली चढायला लागली. मुंबईचा तो पारशी शेट एकेक बोट वर करत होता आणि तुझा आवाज चढत होता. "एक बार! दोन बार!" माझ्यानं राहवलं नाही. मी मागून ओरडलो, "ही गाडी मी केलीय!" सगळ्या माना वळल्या, गाडीवर वाकलेल्या शेटची तेवढी सोडून. तुझीही वळली. तू माझ्याकडे बघितलंस, नीट, डोळ्यांत डोळे घालून, आणि म्हणालास, "ओ पावणं, खाली बसा की. मागच्यांस्नी दिसंना." लोक हसले. जो माणूस नाव-गाव माहीत नसलेल्या वाटसरूला 'पावणं' म्हणतो, त्यानं तीस वर्षांच्या दोस्ताला भर अंगणात 'पावणं' म्हटलं. तू मला 'येड्या' म्हणाला असतास, शिवी दिली असतीस, गड्याकडून बाहेर काढलं असतंस तरी चाललं असतं. शिवी ओळखीच्या माणसाला देतात. मी खाली बसलो, हंबीर. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. तू सांगितलंस आणि मी बसलो.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. पुतण्या शेजारी उभा होता, लिलावाचा दरबारी परवाना भिंतीवर टांगलेला होता, आणि तू स्वतः विलायती म्हणून विकलेली वस्तू गावठी निघाली असं चार माणसांत ठरलं असतं तर तुला हातोडी ठेवून भाजी विकावी लागली असती. हे सगळं मी त्या रात्रीपर्यंत स्वतःला समजावून सांगितलं. पटलं. राग गेला नाही. पटल्यानं राग जातो असं ज्यानं कुणी ठरवलं असेल त्याला कुणी 'पावणं' म्हटलं नसेल.

काल दुपारी तो शेट माझ्या दुकानात आला. गाडी बंद पडली होती. तुझ्याच कारकुनानं त्याला माझ्याकडे पाठवलं, आणि कारकून तुला विचारल्याशिवाय पाणीही पीत नाही, म्हणजे तूच पाठवलंस. तुझ्या निलाजरेपणाला तोड नाही. शेटनं ती माझ्या मेजावर ठेवली. मी पाठीचे स्क्रू काढले. आत माझ्या कानशीचे ओरखडे, माझा कथलाचा डाख, आणि पोटाच्या आतल्या बाजूला पानदानावरची वेलबुट्टी, जशीच्या तशी. शेट माणूस जाणता आहे. घरी जर्मनीच्या आणि विलायतेच्या चोवीस गाड्या आहेत म्हणाला. चष्मा पुसून त्यानं सरळ विचारलं, "हे नाव तर बिस्किटवाल्याचं आहे. लिलावात मागून कुणी ओरडलं ते ऐकलं, तोंड दिसलं नाही. मिस्त्री, तुम्ही यंत्रं उघडता, खरं सांगा, ही विलायती आहे का? नसेल तर मी आजच दरबारात अर्ज देतो. आणि नसेल तर ही ज्यानं केली त्याला मला भेटायचंय."

इतक्या वर्षांत हे विचारणारा पहिला माणूस माझ्यासमोर बसला होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. आणि त्याच घटकेला, खुदा जाणे का, मला तू दिसलास. माळावर प्लेगच्या तपासणीची टोळी आली होती, फातिमा तापानं फणफणत होती, तिला इस्पितळाच्या छपरात नेलं असतं तर ती परत आली नसती. तू झोपडीच्या दारात मांडी घालून आमच्याच ताटातली भाकरी खात बसलास, मोठमोठ्यानं हसत, मिरची मागत. ज्या घरात प्लेग आहे तिथं कोण असा जेवेल? टोळी पुढं निघून गेली. ती जगली ती तीन वर्षं तुझ्या त्या भाकरीनं जगली. मी शेटला म्हणालो, "विलायतीच आहे." वर म्हणालो की असलं काम आमच्याकडच्या माणसाला जमणार नाही. माझ्या तोंडानं म्हणालो. कमान नवी घातली आणि गाडी त्याच्या हातात दिली.

आता हे पत्र कशासाठी ते. शेटचं समाधान पुरतं झालेलं नाही. परवा मुंबईला जाण्याआधी तो तुझ्याकडे येऊन हेच विचारणार आहे, म्हणून आपली दोघांची गोष्ट एक असायला हवी. मी सांगितलंय की त्या बिस्किटवाल्या कंपनीनं मागं दोन वर्षं खेळणीही काढली होती, आणि असलंच एक इंजिन मी मिरजेला एका साहेबाकडे उघडलं होतं. मिरजच म्हण, बेळगाव म्हणू नकोस. जास्त बोलू नकोस, तुला ती खोड आहे. आणि वाचून झालं की हा कागद चुलीत घाल. पेटीत, फडताळात, फेट्यात कुठंही ठेवू नकोस. कुणाच्या हाती लागला तर तुझा परवाना गेलाच म्हणून समज. ती गाडी उचगावच्या माळावर गौस घड्याळजीनं फातिमाच्या पानदानाची केली, हे सगळ्या जगात ह्या एकाच कागदावर लिहिलेलं आहे. तो जाळ, आणि पुरता जळेपर्यंत चुलीपुढून उठू नकोस.

एके काळी तुझाच,
गौस