सावलीचा सर्व्हे

३ मार्च
आज पुन्हा रोप मिळालं. पर्यावरणाच्या क्षेत्रातल्या माणसावर जी अनेक संकटं येतात, त्यांत सत्काराचं रोप सर्वांत चिवट. पुष्पगुच्छ बरा होता. दोन दिवसांत सुकायचा, ओल्या कचऱ्यात जायचा, देणारा-घेणारा दोघंही मोकळे. रोप घरी आणावं लागतं, पाणी घालावं लागतं, आणि ते मेलं की बायको आधी रोपाकडे आणि मग आपल्याकडे बघते.
उपनगर उद्योजक मंडळाच्या 'हरित मंचा'ची महिन्याला एक बैठक. प्रत्येक बैठकीत पाहुण्यांना रोपं. आणि पाहुणे म्हणजे आम्हीच, एकमेकांचे. मुलुंडच्या आमच्या बाल्कनीचं दंडकारण्य झालंय. टॉवेल वाळत घालायला जागा नाही.
सुलक्षणा (धर्मपत्नी) म्हणाली, अहो, आलेलं रोप पुढच्या सत्काराला देऊन टाका की. ब्लाउजपिसांचं आम्ही तेच करतो. सूचना शास्त्रशुद्ध. सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात ती हीच. मात्र तिने प्रत्येक कुंडीच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय, शेजारी जाणाऱ्या वाट्यांना लावते तसा. विचारलं, रोप काय परत मागायचंय? म्हणाली, सवय.
संकल्प: मंचाचा यंदाचा 'हरित अग्रणी' पुरस्कार आपल्या कंपनीला. पाच जून. बाकी काही नको.

५ मार्च
यज्ञेशसरांनी सोलरला हो म्हटलं! सर म्हणजे आमचे एमडी. वयाने माझ्याहून वीस वर्षं लहान, पण खुर्ची वडिलोपार्जित. त्यांनीच मला अॅडमिनमधून उचलून सस्टेनेबिलिटी हेड केलं. तेव्हा म्हणाले होते, मधुकरजी, तुम्हाला संस्कृत येतं ना, मग हे तुम्हीच करा. तर्क मला अजून कळलेला नाही, पण मी त्याला जागतो.
आमची कंपनी शाम्पूच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवते. झाकणं थांबवता येत नाहीत, तेव्हा निदान उन्हावर बनवावीत, असा माझा विचार. सर म्हणाले, करा, पण मार्च एंडच्या आत. बजेट लॅप्स होईल.

११ मार्च
सर्व्हे. शेडवर स्वतः चढलो (गुडघ्याबद्दल घरी बोललो नाही). ऊन असं लख्ख की डोळे उघडवेनात. सोलर कंपनीच्या इंजिनीअरने विचारलं, बाजूच्या झाडाचा काही प्रॉब्लेम? बघितलं. गेटजवळचा आमचा विलायती शिरीष. फांद्या निम्म्या शेडवर आलेल्या, पण नुसत्या काड्या. म्हटलं, छे हो, याची सावली म्हणजे चाळणीची. त्याने फोटो काढले. मी सही करताना शेरा मारला: 'छायारहित क्षेत्र'. शब्द छान जमला.
रात्री ऋताला फोटो दाखवले. कन्या. बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे एन्व्हायर्नमेंटल सायन्स करणार म्हणते. का विचारलं की म्हणते, तू करतोस ना बाबा. (हे मी ऑफिसात तीनचारदा सांगितलं आहे.) ते झाड तिचं. लहानपणी दसऱ्याला मशिनांच्या पूजेला कंपनीत यायची, तेव्हा कॅन्टीनवाल्या सीतारामने त्याला तिच्यासाठी झोका बांधला होता. अजून 'आपलं झाड' म्हणते.
फोटो बघून म्हणाली, बाबा, मार्चमध्ये सर्व्हे केलास? म्हटलं, मार्चमध्येच बजेट असतं. म्हणाली, तसं नाही रे. तेवढ्यात तिला फोन आला.

१६ एप्रिल
पॅनेल चालू झाले. रिसेप्शनमध्ये मोठा स्क्रीन: आत्ता, या क्षणी किती वीज होते आहे ते दाखवणारा. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बघू नये. कल्पना माझी.
उद्घाटनाला घाटकोपरच्या दिशा मॅडम. मंचाच्या अध्यक्ष. त्यांच्या दर वाक्यात एक 'जर्नी' असते. त्यांना रोप दिलं, आमच्या बाल्कनीतलं, काटक जातीचं, सर्पपर्णी (नर्सरीवाल्याचं स्नेक प्लांट). एक गेलं.
अकरा वाजता स्क्रीन हिरवा. टाळ्या. पेढे. जेवायला बसलो तेव्हा पिवळा. आमची जेवणं कॅन्टीनबाहेर, शिरीषाखालच्या बाकांवर. मॅडम म्हणाल्या, किती गार आहे इथे! मी वर बघितलं आणि हातातला घास ताटात ठेवला. उठून स्क्रीन बघून आलो. लाल. सीतारामला खूण केली. त्याने मॅडमना सोलकढी तीनदा वाढली, मग मी त्यांना मागच्या दाराने गाडीत बसवलं. म्हटलं, हा आमचा ग्रीन कॉरिडॉर.

१७ एप्रिल
वर चढलो. शिरीषाला पालवी आली आहे. पालवी हा शब्द अपुरा आहे. निम्म्या पॅनेलांवर गर्द छत्र. वारा गार. खरं सांगायचं तर तिथे बसून फार बरं वाटलं.
ऋता म्हणाली, अरे हेच सांगत होते! फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळतात त्याची. बाबा, तू बोडक्या झाडाच्या सावलीचा सर्व्हे केलास? हसली. पोट धरून हसली. आईला हाक मारून सांगितलं, तीही हसली. मग एकदम थांबून म्हणाली, पण झाडाला हात लावायचा नाही हं. म्हटलं, वेडी का काय! म्हणाली, शब्द दे. दिला.
संकल्प: पॅनेल हलवायचे. वृक्ष अवध्य.

२१ एप्रिल
पॅनेल हलवता येत नाहीत. दुसऱ्या शेडचे पत्रे जुने, वजन पेलणार नाहीत. सोलर कंपनी म्हणते, तुमचीच सही आहे, छायारहित क्षेत्र. यज्ञेशसर म्हणाले, मधुकरजी, वीस मेला पुरस्काराचे परीक्षक येणार, स्क्रीन लाल दिसून चालणार नाही. झाडाचं काहीतरी बघा ना.
'बघा ना' हे मला आवडलं नाही. त्यांचे वडील निदान ओरडायचे.

२२ एप्रिल
सरांना कडक मेल लिहायला बसलो. सकाळी विषय: तीव्र आक्षेप. चहानंतर: गंभीर चिंता. जेवणानंतर: काही विचार. जाताना: जेंटल रिमाइंडर. मजकूर तोच ठेवला, फक्त लहान केला. शेवटी इतकंच उरलं की झाडाबाबत आपण बोलूया.
सरांनी अंगठा पाठवला. बोलणं सकारात्मक दिशेने चाललं आहे.

६ मे
तोडगा निघाला. हलकी छाटणी. शेडवरच्या दोनच फांद्या. रीतसर परवानगी, रीतसर कंत्राटदार. पावसाआधी सगळेच करतात. यात शब्दभंग नाही. आपण केस कापतो म्हणजे डोकं कापतो का?
सीताराम म्हणाला, सायबानू, झाडाक इचारलास काय? मी म्हटलं, सीताराम, हा वैज्ञानिक निर्णय आहे. म्हणाला, तां असांदे, पण पोरां जेवूक खंय बसतली? म्हटलं, दोन फांद्यांनी काय होतंय. कंत्राटदाराच्या कागदावर मी स्वतः लिहिलं, 'यथावश्यक छाटणी करावी.' दोन फांद्या असं लिहिणं फारच गद्य वाटलं. ऋताला योग्य वेळी सांगू.

१३ मे
योग्य वेळ सुलक्षणाने आणली. भाजी निवडताना सहज बोलून गेली. ऋता चिडली. म्हणाली, बाबा, तू ना, मीटिंगमध्ये वाघ आणि सरांपुढे... वाक्य पुरं केलं नाही. संस्कार. मी परवानगीचा कागद दाखवला. दोन फांद्या, रंगाने खुणा केलेल्या. तासभर भांडली. कुठे कापायचं, कसं कापायचं, कापल्यावर काय लावायचं. मग म्हणाली, दोन म्हणजे दोन. तू झाडाखाली उभा राहा, ते लोक जाईपर्यंत. म्हटलं, हलणार नाही.

१५ मे, दुपारी
सकाळपासून झाडाखाली उभा होतो. कंत्राटदाराला फांद्या बोटाने दाखवल्या. त्यानेही बोटाने दाखवल्या. मतैक्य.
तेवढ्यात दिशा मॅडमचा फोन. घाटकोपरच्या चर्चासत्राचे मुख्य वक्ते विमानतळावर अडकले, मधुकरसर, प्लीज, तुमच्याशिवाय कोण? विषय, 'वृक्ष: आपले खरे भागधारक'. विषयच असा की नाही म्हणता येईना. मेट्रोने गेलो तर पाऊण तास. जाऊन येऊन जेवणाच्या आत परत.
भाषण फार चांगलं झालं. फोन सायलेंटवर ठेवला होता, व्यासपीठावर बरं दिसत नाही. शेवटी सुभाषित म्हटलं तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं. (त्याच वेळी जेवण लागल्याचं सांगितलं गेलं, पण तो योगायोग.) मग लोक प्रश्न विचारत राहिले. रोप मिळालं.

१५ मे, संध्याकाळी
खोड आहे. वर तीन खुंट.
कंत्राटदार म्हणाला, साहेब, तुमच्याच कागदावर आहे ना, यथावश्यक. मला नाही समजलं म्हणून मी मोठ्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मशीन आलंच आहे तर एकदाच करून टाका, दरवर्षी कटकट नको. सर भेटले. म्हणाले, मधुकरजी, तुम्हाला फोन लावला होता हो.
सीताराम बाक उचलत होता. माझ्याकडे बघितलं नाही. कावळे गेटवर ओळीने बसले होते, कुठे जायचं ते ठरत नसल्यासारखे.
घरी ऋताने दारातच विचारलं, दोनच ना? म्हटलं, जवळजवळ. म्हणाली, तू होतास ना तिथे? म्हटलं, सकाळपासून.

२० मे
परीक्षक आले. स्क्रीन दिवसभर हिरवा. एकाने विचारलं, परिसरातली वृक्षसंपदा? म्हटलं, पुनरुज्जीवनाच्या टप्प्यात आहे. त्यांनी लिहून घेतलं.
शिरीषाला फूट येतेच. पुष्कळ वाचलं. खोड जिवंत असलं की झालं. पंधरा दिवसांत कोंब.

५ जून
पुरस्कार मिळाला.
ऋता आणि सुलक्षणा सभागृहात तिसऱ्या रांगेत. मला सरप्राइज द्यायचं म्हणून ऋता आधी कंपनीत गेली होती, माझ्याबरोबर यावं या हेतूने. मी आधीच निघालो होतो. सीतारामने तिला खोडाशेजारी बसवून चहा दिला, असं सुलक्षणाने नंतर सांगितलं.
मंचावर आमच्या कंपनीची फिल्म. त्यात एप्रिलमधला शिरीष, भरगच्च, त्याच्याखाली जेवणारे कामगार, आणि दिशा मॅडमचा आवाज: विकास आणि वृक्ष यांची एक सुंदर जर्नी. टाळ्या. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. ऋताही टाळ्या वाजवत होती. दोन वाजवल्या.
स्मृतिचिन्ह, शाल आणि रोप. सर्पपर्णी. कुंडी हातात घेताना बुडाला बोट लागलं, वाकून बघितलं. नेलपॉलिशचा ठिपका. मॅडमनी जपून ठेवलं होतं.
टॅक्सीने घरी निघालो. भांडुपच्या पुढे ऋता म्हणाली, छान बोललास बाबा.

२२ जून
पाऊस. आठवडाभर ऊन नाही. सावली अजिबात नाही, तरी स्क्रीन लाल. सर म्हणाले, सप्टेंबरपर्यंत स्क्रीन बंद ठेवू. वीज वाचेल.
कामगार जिन्यात बसून जेवतात. सीतारामने कॅन्टीनबाहेर निळं प्लास्टिक ताणलंय. खाली उकडतं.
मी रोज आल्या आल्या खोडाभोवती फेरी मारतो. मंगळवारी वरच्या खुंटाला हिरवं दिसलं. शिडी मागवली, चष्मा पुसून बघितलं. पतंगाचा कागद होता.
ऋताला विचारलं, खोडाला काही लावतात का गं, कोंब यायला? मी खास तिच्यासाठी विचारलं. मला वाटलं भडकेल, कागद-पेन घेईल, कुठे चुकलं ते काढून दाखवेल. म्हणाली, असू दे बाबा. मग म्हणाली, एमएस्सीचं राहू दे, बँकेच्या परीक्षा देते. सुलक्षणाला ती पेढ्यांची बातमी वाटली. मलाही वाटायला हवी.
झाड फुटलं नाही तर काय म्हणायचं ते माझं तयार आहे. दहा नवी लावू, नाव देऊ, फोटो काढू. मंचावर हे चालून जाईल. ऋतासमोरही बोललो असतो, ती भांडली असती तर.
ती भांडत नाही. मी काहीही सांगितलं तरी ती हो म्हणते. मला झाडाची भीती वाटत नाही आता. तिच्या या 'हो'ची वाटते.